पवळ्या रेडीला असतो

नाय हो मॅडम, तीन हजार वर्षं कुठली — तो फोन आधी खाली ठेवा. तुमचे उत्खननाचे सर देवगडात जेवायला गेलेत ना, जेवू दे त्यांना सावकाश. आमची ही जांभ्याची माती, हिच्यात हाड तीन हजार वर्षं टिकतं होय? दाखवा बघू. हां. खुराच्या वरचं. कडा पसरलीय, म्हणजे बैलाने जन्मभर नांगर ओढला, बरोबर? दात झिजलेत, म्हणजे म्हातारा होऊन मेला, कापून खाल्ला नाही — म्हणजे माणसाने तो कामासाठी पाळला. पुण्याच्या कॉलेजात शिकवतात हो चांगलं! फक्त शेवटची पाच वर्षं त्याने नांगर बघितलासुद्धा नव्हता. बसून खायचा. पेंड कोमट पाण्यात भिजवली नाही तर तोंड फिरवायचा. ते कुठल्या हाडात दिसतं? — मला कसं ठाऊक म्हणता? अंदाज आपला. शेतकऱ्याचा अंदाज.

बरं, अंदाज नाही. पवळ्या आमचा. तीन वर्षं झाली पुरून. म्हणून तर सांगत होतो, ह्या कोपऱ्यात देवचार आहे, जागेचा राखणदार, इथे खणू नका — तर तुम्ही शिकलेली माणसं, नेमकी इथेच दोरी बांधलीत! हसताय काय? शेवंती, माझी बायको, लेकीच्या बाळंतपणाला वैभववाडीला गेलेली, आणि हा इकडे आडवा झाला. आई मेलेलं वासरू, तिने बोटाने दूध चाटवून जगवलेलं. काय सांगू तिला? तर म्हटलं, रेडीच्या एका बागायतदाराला दिला, माडांच्या सावलीत मजेत आहे. आता एकदा सांगितलं की निभवावं लागतं. दर चार महिन्यांनी मी त्याला भेटायला रेडीला जातो — म्हणजे कुडाळच्या स्टँडवर भजी खाऊन परत येतो. ती त्याच्यासाठी गूळ देते, तो एसटीतच संपतो. गेल्या शिमग्यात तर बोलण्याच्या भरात त्याला वासरू झालं म्हणून बसलो — खच्ची केलेला बैल, मॅडम! — तर ती विचारते, ‘रंग कसो आसा?’ म्हटलं, ‘बापाशीचोच.’

ब्रश जरा हळू. तिथेच शिंग आहे, टोकाला पितळेची शेंबी. तिनेच बसवलेली. हाड एक वेळ ओळखणार नाही ती, पण शेंबी —

आली. चहाची किटली घेऊन आलीच. ‘शेवंती! थंयच थांब गो! खड्ड्यात जनावर आसा!’

असं काय बघता? आमच्याकडे जनावर म्हणजे साप. बैलाला आम्ही ढोर म्हणतो. पण तुमच्या पुण्याच्या मराठीत धरलं तर तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी खरं बोललो की नाही? पळाली का? — किटली खाली ठेवली. काठी उचलली. अहो, इकडेच धावतेय… मला चावेल म्हणून धावतेय हो ती.

तो ब्रश द्या इकडे, मॅडम. शेंबी मीच उघडी करतो. तुम्ही त्या माडापर्यंत जाऊन या जरा. — जा म्हटलं ना.