अंगठ्यामागची नाडी

तिथे नाही लागायची, कंपाउंडरसाहेब. अहो, तिथे दाबून आजवर कुणालाच लागली नाही — आणि तो फोन आधी खिशात ठेवा. ठेवा म्हणतो ना. मुलीला काय कळवणार? आई गेली म्हणून? रोज सुई टोचायला येता, पण नाडी आज पहिल्यांदाच बघताय, तुमचा तरी काय दोष! बसा. डावा हात सलाईनने सुजलाय, तो सोडा. हा उजवा — मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, सगळ्यांच्या हातातल्या रक्ताच्या वाटा सारख्या नसतात म्हणे. हिची वाट मनगटाच्या अलीकडेच वळते आणि अंगठ्यामागून जाते, अगदी कातडीखालून. मुलीच्या वेळी सुईणीचंही असंच झालं. मनगट चाचपलं आणि काढला की गळा! चार बायका रडायला लागल्या, तर ही डोळे उघडून विचारते, "कोण गेलं गं?" — हसा की. आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा.

तेव्हापासून मला खोडच लागली. भांडण असो, अबोला असो, हात हातात आला की बोट आपसूक तिथे जायचं. ती म्हणायची, "आहे हो जिवंत, नाहीतर तुमची भाकरी कोण थापणार?" — नको, मानेला नका हात लावू! तिथे गुदगुल्या होतात तिला. चिडेल.

हे बघा, मी धरलीय ना. सकाळपासून सोडली नाही. बारीक आहे, पण लागतेय. गार? गारच असतो तिचा हात. लग्नात धरला तेव्हाही गारच होता, मला वाटलं पोरगी घाबरलीय — घाबरलो मीच होतो.

काय म्हणालात? अंगठ्याने? हो, अंगठ्यानेच. जन्मभर दगड घडवला, साहेब, ही चारी बोटं बधिर झालीत, कढत पेलासुद्धा कळत नाही त्यांना. अंगठ्याला तेवढं कळतं. ठाऊक आहे मला. मोठे डॉक्टर तेव्हाच बजावून गेले होते — अंगठ्याने बघू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो, माणूस आपलाच ठोका धरून बसतो. ठाऊक आहे. पण लागतोय तर खरा. कुणाचा का असेना — नाही, तिचाच. तिचाच आहे.

तुम्ही बघता? बघा. मी अंगठा काढतो, तुमचं बोट ठेवा, इथे, या हाडाच्या वर — थांबा. जरा थांबा.

नको.

तुमची बोटं तरुण आहेत, साहेब. त्यांना खरं तेच कळेल. मुलगी येतेच आहे संध्याकाळी. ती आली की तिला बघू दे, तिच्याही हातातली वाट आईसारखीच आहे, तिला सांगावं लागणार नाही कुठे बघायचं ते. तोवर सुई राहू दे आजची. जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या — वारा लागतो तिला.