डब्याला दसऱ्याची सुट्टी

वायफायचं काय घेऊन बसलात राव, आमच्या डब्याचं ऐका. डबा म्हणजे फोटो साठवायचं मशीन, चिखलीच्या घरी राउटरशेजारी ठेवलंय. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप त्यात जातात. आई गेली, तिचे फोटोही त्यातच.

दसऱ्यानंतर बॅकअप अर्ध्यातच बंद पडायला लागला. मी केबल बदलली, सेटिंग बदललं, डिस्क तपासली. काही फरक नाही. शेवटी डब्याला हात लावला, तर तव्यासारखा तापलेला! मागचा पंखा उघडला, आत झेंडूच्या पाकळ्या.

"अण्णा, हे काय?"

"दसऱ्याची पूजा. तू तळवड्याला शिफ्टला गेला होतास. मिक्सरला हार घातला, स्कूटरला घातला. मग ज्यात तुझी आई आहे, त्याला नको?"

"अहो, पण चालू मशीनला?"

अण्णा म्हणजे माझे वडील, कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले. एकदम ओशाळले. "आमच्या कंपनीत पूजेला सगळ्या मशीन बंद असायच्या रे. हा बिचारा सणालाही ड्यूटीवर असतो, मला काय माहीत?"

पाकळ्या काढल्या, बॅकअप सुरळीत झाला. मी म्हटलं, "पुढच्या दसऱ्याला ह्याला बंद ठेवू, मग घाला हार."

अण्णा म्हणाले, "ठेव. आणि त्या दिवशी तूही घरी थांब."