तळ्याकाठचं सातवं देऊळ

मॅग्डलिन: दार लावू नकोस, जैनूभाय. राहू दे थोडा वेळ.

जैनुद्दीन: धूळ येतेय भाबी. एसी बी चालू हाय.

मॅक्सिम: लाव रे तू. सकाळपासून प्रत्येक ठिकाणी हेच चाललंय. मेणबत्ती लावून झाली, रोझरी झाली, आपण तिघं आत येऊन बसलो. मग दार कुणासाठी उघडं?

मॅग्डलिन: तुला माहीत नाही कुणासाठी? आपला डिलन कधी वेळेवर गाडीत बसला होता का? सगळे बसले तरी हा बुरुजाच्या आतच. हाका मारून माझा घसा बसायचा. आणि दार बंद दिसलं की भोकाड पसरायचा, मला टाकून चाललात म्हणून.

मॅक्सिम: तेव्हा लहान होता तो, मॅगी.

मॅग्डलिन: मागच्या वर्षी मोठा होता ना? नोकरी होती, स्वतःची गाडी होती. त्या गाडीचं दारसुद्धा उघडंच सापडलं.

मॅक्सिम: जैनू, दार लाव.

जैनुद्दीन: जरा पानी पितो मी, मॅक्सिमभाई. तवर राहू दे. कोनाचा काय जातंय?

मॅक्सिम: माझा वेळ जातोय. उद्या पहाटेचं विमान आहे. घरी दोन बॅगा अजून उघड्या पडल्यात.

मॅग्डलिन: सगळं बंद करायची घाई झालीय ह्याला.

जैनुद्दीन: भाबी, एक विचारू? राग नका मानू. हे सगळे बुरूज हायत. जुन्या लोकांनी पहाऱ्याला बांदलेले. माजे अर्बाब, हितले मालक, सांगतात, त्यांच्या आज्याच्या आज्याच्या बी आदीचे. तुम्ही सकाळपासून देऊळ देऊळ बोलता. मला कळत नाय, पन विचारायला बी बरा वाटत नव्हता.

मॅग्डलिन: आम्ही वसईवाले चर्चला देऊळच म्हणतो रे. आज आमचा पवित्र गुरुवार. येशूला धरून नेलं ती रात्र. तो म्हणाला होता, माझ्याबरोबर जरा जागे राहा, तर सगळे झोपले. म्हणून आपण जागायचं. एका देवळातून निघून दुसऱ्यात जायचं, अशी सात देवळं करायची. वसईत काय, प्रत्येक गावात देऊळ, प्रत्येक देवळापाशी तळं. चालत गेलं तरी सात होतात. इथे ह्या अरबी मुलखात कुठून आणायची सात? आम्ही राहतो त्या रुवीला एकाच कंपाउंडात सगळी देवळं.

मॅक्सिम: आणि डिलनला आम्ही एका सुट्टीत वसईचा किल्ला दाखवला होता. तिथली पोर्तुगिजांची जुनी देवळं सगळी पडकी, बिनछपराची. ह्याच्या डोक्यात तेच बसलं. जुनं म्हणजे बिनछपराचं, बिनछपराचं म्हणजे चर्च.

मॅग्डलिन: हे धरण तेव्हा नवीन होतं. तळं बघायला आलो होतो आम्ही, बिर्याणीचं भांडं घेऊन. वर टेकडीवर बुरूज दिसला तर हा विचारतो, "मम्मी, हे कुठल्या सेंटचं चर्च?" मला हसू आलं. मॅक्सिम म्हणाला, तूच ठरव. झालं, साहेबांनी तळ्याभोवती फिरून सात ठरवले. एकात बकऱ्या बसलेल्या, ते गोठ्यातल्या बाळ येशूचं देऊळ. आता आपण होतो ना, अर्ध्या जिन्याचा, ते संत पीटरचं. का, तर पीटर पाण्यावर अर्धाच चालला आणि बुडायला लागला.

जैनुद्दीन: डोका होता पोराला.

मॅग्डलिन: तेव्हापासून दर वर्षी पवित्र गुरुवारी आम्ही इथे. लोक वसईला जायची तिकिटं काढायचे, हा म्हणायचा, मला माझीच देवळं हवीत. मराठी धड येत नव्हती त्याला, पण देऊळ शब्द मात्र बरोबर म्हणायचा.

मॅक्सिम: झालं सांगून? लाव दार. यल्ला, निघू.

जैनुद्दीन: हां, लावतो. भाबी, हात आत घ्या.

मॅग्डलिन: सहावं इथून जवळ आहे. खजुराची बाग लागते, तिथे डावीकडे.

मॅक्सिम: सहावं करू आणि लगेच सातवं. सातवं आज मी करणार, आत्ताच सांगून ठेवतो. त्याचं राहिलेलं आपण पुरं करायचं. मग ईस्टरनंतर वसईत मिस्सा. रॉबिनने फादरांशी बोलून ठेवलंय.

मॅग्डलिन: कसली मिस्सा तेही सांग जैनूभायला. आणि रॉबिन कोण, तेही सांग.

मॅक्सिम: रॉबिन माझा भाऊ, त्याला माहीत आहे. आणि मिस्सा मयताची. आणखी कसली?

मॅग्डलिन: बघ. किती सहज म्हणतो.

मॅक्सिम: सहज? वर्षभर मी तुझ्यापुढे हा शब्द गिळलाय.

मॅग्डलिन: जैनूभाय, तूच ऐक. मागच्या वर्षी मला ताप होता, ह्याला हॉटेलात ड्युटी. मी म्हटलं, ह्या वर्षी राहू दे. डिलन म्हणाला, तुम्ही दोघं घरी बसा, मी तिघांची करून येतो. ऊन होतं चांगलं. पाऊस डोंगरात कुठे पडत होता ते इकडे कुणाला दिसलंही नाही. प्रत्येक देवळातून फोटो पाठवत होता. सहा फोटो आले. सहाव्यात मेणबत्ती वाऱ्याने विझलेली दिसते, खाली लिहिलंय, "मम्मी, परत लावतो." मग डोंगरातून पाण्याचा लोंढा आला, आणि सातव्याचा फोटो आला नाही. म्हणजे त्याचं सातवं व्हायचंय. आणि सहा करून घरी येणारा तो नाही. मग आपण जाऊन त्याचं सातवं उरकून टाकायचं म्हणजे काय? त्याचं काम संपवून टाकायचं. मग तो कशाला येईल?

मॅक्सिम: ऐकलंस, जैनू? वर्षभर मी हे रोज ऐकतोय. जेवताना ताट तीन.

जैनुद्दीन: मी काय बोलू मॅक्सिमभाई? मी दर जुम्म्याला दुआ करतो. मी राहतो त्या बरक्याची आमची सगळी मंडळी करतात. त्या वक्ताला जी पोरं शोधायला आली होती, ती अजून विचारतात. आमी सगळे करतो दुआ, पोरगा सापडावा म्हनून.

मॅग्डलिन: सापडावा म्हणतोस.

जैनुद्दीन: हां.

मॅग्डलिन: परत यावा, असं नाही म्हणत.

जैनुद्दीन: भाबी...

मॅग्डलिन: जाऊ दे. तुझी चूक नाही. दुआ तरी करतोस. आमच्या रुवीच्या बायका आता मला बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. काय बोलावं हे त्यांना सुचत नाही आणि माझ्या बाजूला बसून गप्प राहणंही जमत नाही.

मॅक्सिम: ही बघ बाग आली. डावीकडे घे.

जैनुद्दीन: घेतो. भाबी, सहाव्याला तुमी आत जा, मी हितंच थांबतो. दार उघडा ठेवतो, तुमी काय चिंता करू नका.

मॅग्डलिन: तू पण ये ना.

जैनुद्दीन: मी येतो, पन मेनबत्ती तुमी लावा. वारा हाय, मी हाताचा आडोसा करतो.

मॅक्सिम: बरं, सहावं झालं, मेणबत्तीही लागली. आता इथे रेंगाळू नका. ऊन उतरायच्या आत सातव्याला पोचायला हवं. तो रस्ता मला बघायचाय. मागच्या वर्षी पोलिसांनी आम्हाला धरणाच्या गेटापाशीच थांबवलं होतं. त्यानंतर मी आलो नाही, ही आली नाही. बापाने एकदा तरी जाऊन उभं राहायला हवं.

जैनुद्दीन: मॅक्सिमभाई, मी बोलतो, सातवा राहू दे. हितूनच हात जोडा आनि मागं फिरू. रस्ता खराब हाय.

मॅक्सिम: खराब म्हणजे? फोर व्हील आहे ना?

जैनुद्दीन: गाडी जाईल. गाडीचा सवाल नाय.

मॅग्डलिन: मग कशाचा?

जैनुद्दीन: आता काय सांगू? चला. बगाच तुमी.

मॅग्डलिन: मी उतरणार नाही हं तिथे. गाडीतूनच बघीन. मेणबत्ती लावायची नाही, रोझरी म्हणायची नाही. मॅक्सिम, शपथ आहे तुला.

मॅक्सिम: मी लावणार. तू बस आत.

मॅग्डलिन: मी फुंकून टाकीन.

मॅक्सिम: टाक. मी परत लावीन.

(गाडी थांबते.)

मॅक्सिम: चुकलास, जैनू. हे वळण नाही. सातव्याच्या वरच्या अंगाला वाडी होती, लिंबाची.

जैनुद्दीन: वाडी बी गेली, मॅक्सिमभाई. ती दगडांची रास दिसतेय ना, झुडपाच्या मागं? तोच बुरूज.

मॅग्डलिन: कुठला?

जैनुद्दीन: तुमचा सातवा, भाबी.

मॅक्सिम: तुला माहीत होतं.

जैनुद्दीन: शोधायला आलो तवाच बगितला. पान्यानं पाया खाल्ला सगळा. तुमाला कसा सांगनार? पोरगा मिळत नव्हता, त्यात दगडांची काय बात करायची? मग साल निघून गेला.

मॅग्डलिन: कधी पडला?

जैनुद्दीन: त्याच पान्यात. त्याच दिवशी.

मॅग्डलिन: डिलन यायच्या आधी पडला, की नंतर?

जैनुद्दीन: ते कोनालाच ठाव नाय.

मॅग्डलिन: आधी पडला असेल, तर तो शोधत फिरला असेल रे. सहा सापडली, सातवं कुठे गेलं म्हणून. पाणी येतंय हे दिसत असेल, तरी फिरला असेल. हाका मारायला मी नव्हते. मी असते तर ओढून आणलं असतं.

मॅक्सिम: मॅगी, पुरे.

मॅग्डलिन: आणि नंतर पडला असेल, तर तो आत होता.

मॅक्सिम: पुरे म्हणतो ना.

मॅग्डलिन: मेणबत्ती परत लावत असेल. वारा असतो इथे.

मॅक्सिम: आपला डिलन मेला, मॅगी. मेला. वर्ष झालं. मी हॉटेलच्या लाँड्रीत पाहुण्यांच्या चादरी घड्या घालून घेत होतो आणि इथे माझा मुलगा मेला. मला अजून नीट रडता आलेलं नाही. तुझ्यासमोर रडलो तर तू म्हणशील, ह्याने आशा सोडली. बाथरूममध्ये नळ सोडून रडतो मी, ह्या वयात. मला ती मिस्सा हवीय, गावचे लोक यायला हवेत, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायला हवं, रड बाबा आता.

मॅग्डलिन: नळाचा आवाज मला ऐकू येतो.

मॅक्सिम: मग?

मॅग्डलिन: मग काय? मी दाराबाहेर उभी असते. तुला वाटतं मला कळत नाही? मी त्याची आई आहे, वेडी नाही. मागच्या वर्षी ऊन पडून रस्ते सुकले आणि तो आला नाही, तेव्हाच मला कळलं. पण मी रुवीत होते तोवर तो इथे आणि मी इथे, एवढं तरी होतं. मधे फक्त तास-दीड तासाचा रस्ता. उद्या विमानात बसले की मी त्याला टाकून गेले. लहानपणी तो ज्याला भीत होता, नेमकं तेच मी उद्या करणार.

मॅक्सिम: आपण राहू शकत नाही. हॉटेलने मला घरी पाठवलं, व्हिसा संपला. मी काय करू? सांग ना. हातापाया पडून बघितलं मी.

मॅग्डलिन: मी तुला दोष देते का?

मॅक्सिम: वसईत त्याच्या नावाचा दगड बसवू. माझ्या आईबापाच्या शेजारी.

मॅग्डलिन: आणि दगडाखाली काय ठेवू?

मॅक्सिम: काही नाही. नाव फक्त.

मॅग्डलिन: पुढच्या पवित्र गुरुवारी इथे कोण येईल?

जैनुद्दीन: मी येईन, भाबी.

मॅग्डलिन: तू कशाला? तुझं काय नातं?

जैनुद्दीन: नात्याचा काय? तुमच्या हातचा जेवलोय की ईदच्या दुसऱ्या दिवशी, माजी बिबी गावाला होती तवा. मला तुमच्या प्रार्थना येत नाय. मी सहा बुरूज फिरीन. हितं येऊन जरा बसीन. पोराशी दोन गोष्टी करीन आपल्या भाषेत.

मॅग्डलिन: त्याला मराठी नीट येत नव्हती.

जैनुद्दीन: मला तरी कुठं नीट येते? चालेल आमचा.

मॅक्सिम: किती वर्षं येशील, जैनू?

जैनुद्दीन: खोटा नाय बोलनार. अर्बाब ठेवतील तवर. मग मी बी जानार घरला. हितं आपला कोन राहतो कायमचा?

मॅग्डलिन: एकटाच राहिला तो.

मॅक्सिम: चल, मॅगी. अंधार पडला की हा रस्ता धोक्याचा आहे.

मॅग्डलिन: मेणबत्ती लावणार होतास ना?

मॅक्सिम: कुठे लावू? देऊळच राहिलं नाही.

मॅग्डलिन: दगडावर लाव कुठल्याही. त्याने पडक्याला देऊळ म्हटलं होतं. हे तर पुरतंच पडलंय.

मॅक्सिम: तू फुंकून टाकशील.

मॅग्डलिन: नाही टाकत.

मॅक्सिम: लागत नाही. वारा आहे.

जैनुद्दीन: थांबा, मी आडोसा करतो. असा. आता पेटली बगा वात.

मॅग्डलिन: राहील का?

जैनुद्दीन: आपन असू तवर राहील. मग विझंल, भाबी. वारा लई हाय.

मॅक्सिम: नमो मारिये म्हणतेस?

मॅग्डलिन: तू म्हण. माझ्या तोंडून येत नाही.

मॅक्सिम: माझ्याही नाही.

जैनुद्दीन: चला आता. भाबी, तुमी मागं बसा. दार उघडा ठेवतो मी, जेवढा वेळ बोलाल तेवढा. धरनाच्या गेटापर्यंत हळू हळू नेतो गाडी, तसाच उघडा ठेवून. कोन बगत नाय हितं.

मॅक्सिम: राहू दे उघडं, जैनू. आज मी काही बोलणार नाही.

मॅग्डलिन: नको. लाव दार, जैनूभाय. धूळ येतेय आत.