आठ बोल्ट आणि एक स्वच्छ प्रत

नाही, मला तुम्ही एक सांगा... समुद्रावर जायचंय त्याला, आणि जेवण जात नाही मला, हा कुठला न्याय? त्याला म्हणजे आमच्या साडूला हो! माणूस सज्जन. पण निवृत्त झाला आणि शर्यतीची एक जुनी शिडाची बोट घेऊन बसला. चोवीस फूट. दुपारी निघावं, चार वळसे घ्यावेत, चहाला घरी यावं, एवढ्यासाठी जन्मलेली बोट! आणि याला तिच्यातून चार दिवसांवरचं बेट गाठायचंय. बरोबर बायको. म्हणजे माझी मेहुणी.

मला म्हणाला, "साडूभाऊ, छत्तीस वर्षं फायली सांभाळल्यात, दुरुस्तीची यादी तुमच्याकडे." आता तुम्हाला सांगतो, शिडाची दोरी कुठली आणि कपडे वाळत घालायची कुठली, हे मला कळत नाही. पण यादी म्हटली की हात आपोआप पट्टीकडे जातो! रकाने आखले. बेचाळीस कामं. डोलकाठीच्या तारा, जाड काचा, नव्या बॅटऱ्या, नव्वद लिटरची पाण्याची टाकी... आणि सातवं काम, तळाचे आठ बोल्ट काढून तपासणे.

हे बोल्ट म्हणजे काय, तर बोटीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा शिशाचा सहाशे किलोचा पंख असतो. त्याच्या वजनानं ती सरळ राहते. तो गळून पडला, की बोट पालथी! आणि तो लटकलाय कशावर? या आठ बोल्टांवर.

बोट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. "बघतो साहेब." पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. "बघतो साहेब." तिसरं स्मरणपत्र दिलं, तर म्हणतो कसा, "साहेब, म्हाताऱ्या माणसाला तब्येत विचारू नये. सांगत बसतो." हे उत्तर मी कुठल्या रकान्यात लिहू?

आणि इथं... इथं माझ्या हातून घडलं. आमच्या कचेरीची रीत होती, तीन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही, की प्रकरण निकाली. यादीवर ग्रीसचे डाग पडले होते, म्हणून मी तिची स्वच्छ प्रत काढली. निकाली प्रकरण कोण उतरवून घेतं? एकेचाळीस कामं झाली. पण अक्षर काय होतं! कागद चोख होता हो!

साडू त्या कागदाबाहेर पाऊल टाकेना. एकेक काम झालं की माझी सही घ्यायचा. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, तुमची यादी आहे म्हणून मला घोर नाही." ऐकलंत? घोर नाही! कागद चोख होता हो...

मग बोट पाण्यात उतरवली. परवा साडू म्हणाला, "या, बसून तर बघा." आत जाऊन बसलो. सगळं चकाचक. बाहेर एक लाट आली... आणि पायाखालून आवाज आला. टक्.

"काय वाजलं?"

"लाकूड बसतंय. नवं आहे ना."

दुसरी लाट. टक्. मी फळी उचलली. टाकीच्या कडेला बशीभर तांबूस पाणी. "पावसाचं असेल," साडू म्हणाला. पावसाचं? गंजासारखं तांबडं? मी करंगळी बुडवून चाखलं. खारट! कागद चोख होता हो, पण पाणी खारट होतं!

तिथंच सातवं काम आठवलं. सगळं कबूल करून टाकलं. मिस्त्रीला बोलावलं. तो पालथा पडून आत बघत राहिला... बघत राहिला... आणि म्हणाला, "दोन दिसतात. दोन्ही बरे आहेत."

"आणि सहा?"

"टाकीखाली."

"मग टाकी काढा!"

"चिकटवलीय साहेब. काढायची तर बोट क्रेननं वर घेऊन तळ फोडावा लागेल."

टाकी कोणी बसवायला सांगितली? अकरावं काम! पुढे सही कोणाची? माझी!

साडूला म्हटलं, बाबा रे, जाऊ नकोस. तर तो म्हणतो, "क्रेन दोन महिने मिळत नाही. तोवर वारा फिरेल, वर्ष जाईल. आणि साडूभाऊ, तुम्ही गाळलं म्हणजे ते बिनमहत्त्वाचंच असणार. तुम्ही का उगीच गाळाल?" आता काय करायचं सांगा! मी छाती पिटून सांगतोय की मी चुकलो, आणि हा माणूस माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून बसलाय! मेहुणीकडे गेलो, तर ती हसली. "भाऊजी, तुम्ही लिफ्टलासुद्धा घाबरता."

सोमवारी सकाळी निघतायत. म्हणून मीही जातोय. आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हाला पोहता येत नाही. तिथं जाऊन करणार काय?"

म्हटलं, काय करणार... टाकीवर बसेन. टक् झालं, की वेळ टिपून ठेवेन.