वावरातली चाल

हसू नका, पण ॲनिमेशनमध्ये मले सगळ्यात जास्त छळलं ते साध्या चालण्यानं. संध्याकाळी काम द्यायचं होतं, अन् स्क्रीनवरचा माझा शेतकरी दर तीन-चार पावलांनी झटका देऊन राह्यला होता. मी स्वतःच्याच चालण्याचा व्हिडिओ पाहून त्याले चालवलं होतं. एकेक फ्रेम तपासली, चूक सापडेना.

माय चहा घेऊन आली. म्हणे, "काऊन डोकं धरून बसला?"

"हा झटके देऊन राह्यला ना."

"तूच तसा चालतं. कापसाची पऱ्हाटी तुडवू नये म्हणून तुझे बाबा बैलायच्या डवऱ्यामागं असाच पाय उचलत. लहानपणी तू त्यायच्या पावलावर पाऊल टाकत जायचा."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी झटका काढायले माऊस धरला, तर माय म्हणे, "थांब जरा. वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जाऊ दे त्याले."