घट्ट तेल, उणे सत्तावीस आणि किंगाचं लग्न

नाही, आता तुम्ही तरी विचारू नका! ‘तेल कुठलं घातलंस?’ म्हणे! तुम्हाला सांगतो, पोलंडच्या या सुवाल्कीकडे जानेवारीत माणसाची तब्येत कुणी विचारत नाही, सकाळी गाडी सुरू झाली का ते विचारतात, आणि नाही म्हटलं की लगेच... तेल कुठलं घातलंस?

माझं चुकलं इतकंच, की लेकीचं लग्न जानेवारीत काढलं. किंगा म्हणाली, “बाबा, जन्मल्यावर मला ज्या गाडीतून घरी आणलंत ना, चर्चला मी त्याच गाडीतून जाणार!” डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू? धावलो दुकानात. दुकानातल्या बाई म्हणाल्या, “डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघा. जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ. शून्यवालं न्या.” नेणारच होतो! पण शेजारी उभा कोण? मेहुणा झेनॉन! “दाजी, खुळे का काय? म्हाताऱ्या इंजिनाला पातळ तेल? सगळं अंगणात गळेल! पंधरावालं घ्या, चांगलं घट्ट!” आता लग्नघरात बायकोच्या भावाला नाही कोण म्हणणार? तुम्ही म्हणाल? घेतलं पंधरावालं!

लग्नाच्या दिवशी उणे सत्तावीस! बॅटरी मी घरात शेगडीपाशी उबेला ठेवलेली, पण तेल कुठे ठेवणार? नवरी झग्यावर माझा मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून मागे बसली, मी किल्ली फिरवली... ऊंऽऽ... ऊं... गप्प! तेलाचा पार मध झालेला! बाराला लग्न, अकरा चाळीस झालेले, नवरा चर्चमध्ये ताटकळतोय, आणि झेनॉन काचेतून डोकावून विचारतो, “दाजी, तेल कुठलं घातलंत?”

आता आमच्याकडे नवरीच्या वाटेवर शेजारी दोरी आडवी धरतात, व्होडकेची बाटली घेतल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. त्या दिवशी चार दोऱ्या! पहिल्या दोरीवाले गारठून बघायला आले, “येताय, का आम्ही इथेच गोठू?” मी म्हटलं, “बाटल्या डिकीत आहेत. डिकी दोरीपाशी आली की बाटली मिळेल!” ढकलली की हो! स्वतःच ढकलली, स्वतःच दोरी आडवी धरली, बाटली घेतली, स्वतःच सोडली, आणि पुढच्यांना हाका मारल्या! त्यांनी तिसऱ्या दोरीपर्यंत, तिसरीवाल्यांनी चौथीपर्यंत... बहात्तर वर्षांच्या लेओकाडियामावशीसुद्धा, “अगं किंगे, ब्रेकवरचा पाय काढ म्हणावं बापाला!” चौथ्या दोरीनंतर उतार. गाडी जी सुळकन निघाली, ती बाराच्या घंटेला चर्चच्या दारात!

फादर पायरीवरच उभे. “वा! या थंडीत, आणि एवढासुद्धा आवाज नाही! माझी गाडी सकाळपासून नुसती खोकतेय. तेल कुठलं घालता हो?”

मागे वळून बघितलं. चार दोऱ्यांची माणसं लालबुंद होऊन उतारावरून गात येतायत, पुढे झेनॉन... आता देवाच्या दारात खोटं कसं बोलणार? म्हटलं, “व्होडका, फादर. चार बाटल्या लागतात. पण गाडीत नाही घालायची.”