चौदा दचके आणि तीन अंडी

...आणि वर मलाच सांगतात, दचकायचं नाही! अहो, मोजे घालून मांजरासारखं मागून यायचं, कानाशी तोंड आणून "दचकू नकोस हं" असं कुजबुजायचं, आणि माणूस टुणकन उडालं की एकमेकांकडे बघून माना हलवायच्या... बघितलंत, दचकली. म्हणजे दचकवणारे हे, आणि आरोपी मी!

तुम्हाला सांगते, मी दचकते हे मला मान्य आहे. टोस्टरमधून ब्रेड उडाला की मी दचकते, आणि तो ब्रेड मीच घातलेला असतो. स्वतःच्या शिंकेला दचकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घरच्यांनी या दचकण्याचं माझ्या शुगरशी जे सूत जुळवून दिलं होतं, त्याबद्दल.

मला बाराव्या वर्षापासून डायबेटिस आहे, इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं तो. त्याचं मला काही नाही. ताटातल्या ब्रेडचे, बटाट्याचे, फळाचे कार्ब मोजायचे, तेवढं इन्सुलिन घ्यायचं, पाढे पाठ असावेत तसं ते मला पाठ आहे. पण काही दिवस असे यायचे की सगळं बरोबर मोजलेलं, बरोबर टोचलेलं, जेवणानंतर दोन-अडीच तास शुगर शहाण्या मुलीसारखी बसलेली, आणि मग ना खाणं ना पिणं, ती आपली निघाली जिना चढत! का? कोणालाच कळेना. आणि जे कोणालाच कळत नाही ते आमच्या आत्याला कळतं. आत्या म्हणाली, "पोरगी मनाला लावून घेते. दचकते, म्हणून चढते."

संपलं. निकाल लागला. त्या दिवसापासून दंडावरच्या सेन्सरनं मोबाईलवर मोठा आकडा दाखवला की घरातला पहिला प्रश्न, कशाला दचकलीस? आणि मी आठवून आठवून गुन्हे कबूल करायचे. सकाळी दार आपटलं होतं, ते असेल. परवा फुगा फुटला होता, तो असेल... म्हणजे परवाचा फुगा आज चढला!

हेही हसण्यावारी नेलं असतं, पण मला नोकरी लागली. परक्या गावात, बसनं सहा तास. नोकरी कसली, तर दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानात बारीक टूं वाजवायचं, ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा. दचकणाऱ्या बाईला याहून चांगली नोकरी जगात आहे का, सांगा! आवाज करणार कोण, तर मी! पण आई म्हणाली, तिथे एकटी राहणार, भांडं पडलं की दचकणार, शुगर चढणार, मग बघणार कोण? बाबांनी चष्मा पुसला, म्हणजे तेही तेच म्हणाले. शेवटी ठरलं की डायबेटिसच्या नर्सबाई हो म्हणाल्या तर जायचं, नाहीतर नोकरीला नकार कळवायचा. हातात तीन आठवडे.

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. चढते त्या दिवशी खातेस काय? मी म्हटलं, काही नाही हो, उलट त्या दिवशी ब्रेड कमीच असतो, भरपूर चीज घातलेलं ऑम्लेट, वर थोडे भाजलेले दाणे... त्या गालात हसल्या. म्हणाल्या, एक रविवार मला दे. अकरा वाजता फक्त अंडी आणि चीज. रोजचं चोवीस तासांचं इन्सुलिन घ्यायचंच, जेवणाचं तेवढं नाही. मग पाच तास खायचं नाही, धावपळ करायची नाही, आकडे बघत बसायचं आणि फार वर गेली तर मला फोन. आईनं लगेच विचारलं, "आणि दचकली तर?"

"लिहून ठेवा," त्या म्हणाल्या.

सहज म्हणाल्या हो! पण आमच्या घरात कोणी काही सहज ऐकतं का? रविवारी बाबांनी शंभर पानी वही काढून रकाने आखले. वेळ, कारण, दचका लहान की मोठा. आईनं बेलची बॅटरी काढली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून ते शालीत गुंडाळून कपाटात. आत्याला येऊ नकोस म्हणून कळवलं, तर ती शांतता राखायला मदत हवी ना, म्हणून नऊलाच हजर. मी तीन अंडी आणि चीज संपवलं आणि सोफ्यावर बसले. पाच तास. दचकायचं नाही.

तुम्ही इतकी शांतता कधी ऐकलीय? मला माझ्या पापण्यांचा आवाज येत होता. आणि त्या शांततेत आमचा फ्रिज सुरू झाला... घुर्रर्र. मी वीतभर वर! बाबांनी नोंद वाचून दाखवली, "अकरा बारा. फ्रिज. मोठा." मग आई मोज्यांवर मागून आली, पाणी हवं का विचारायला. "अकरा वीस. आई." आई म्हणे, माझं नाव कशाला घालता? मग बाबांच्याच हातातली पेन्सिल पडली, मी दचकले, आणि लिहिणाऱ्यामुळे झालेला दचका धरायचा की नाही यावरून दोघांची कुजबुजत जी जुंपली... कुजबुजत भांडणारी माणसं बघितलीत का कधी? नुसते हात आणि डोळे. त्या हातांना मी दोनदा दचकले. बेल बंद म्हणून पार्सलवाल्यानं मुठीनं दार बडवलं, एक. त्याला गप्प करायला आत्यानं जे "श्श्श" केलं ते त्याच्या बडवण्याहून मोठं, दोन. त्यानं तो बिचाराच दचकला आणि पार्सल हातातून पडलं, तीन. दोन वाजेपर्यंत चौदा झाले. चौदा! आणि शुगर? अकराला एकशे आठ. बाराला एकशे दहा. दोनला एकशे बारा. आईला वाटलं सेन्सरच बिघडला. बोटाला टोचून बघितलं, आकडा तोच.

बरं, शांतता राखणं हे काय कमी कष्टाचं काम आहे? अडीचला आत्या सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला घोरायला लागली, तेही एका लयीत, अंगाईसारखं. आई खुर्चीत कलंडली, बाबा वही छातीवर घेऊन. सगळं घर झोपलं. पडदासुद्धा हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग पाऊण तास दचकले नाही, आणि मंडळी, नेमकी तेव्हा... ती निघाली. पावणेतीन, एकशे पस्तीस. सव्वातीन, एकशे सत्तर. एरवी मी गुन्हे आठवायला बसले असते, पण मला हसू फुटायला लागलं. कारण तिला चढवायला खोलीत कोणी नव्हतंच हो! फ्रिज नाही, फुगा नाही, मीसुद्धा नाही. पोटातली अंडी आणि चीज आपल्या सोयीनं, सावकाश, चार तासांनी कामावर आली होती. आकडा एकशे नव्याण्णव झाला. दोनशेला मोबाईल किंचाळतो हे मला ठाऊक. वाट बघत बसले. वाजला! आत्या सोफ्यावरून खाली. आई ताडकन उभी. बाबांची वही टेबलाखाली. आणि मी? मी हललेसुद्धा नाही. वही उचलली आणि लिहिलं, "पावणेचार. मोबाईल. तीन दचके. माझा एकही नाही."

नर्सबाईंनी सेन्सरचा आलेख आणि वही शेजारी शेजारी ठेवली. ताप असला, आजारपण असलं, मोठी काळजी लागली तर शुगर वाढते, ते खोटं नाही, त्या म्हणाल्या. "पण हिच्या दचक्यांचा इथे मागमूस नाही. हे प्रोटीन आणि फॅट आहे. ते उशिरा हात दाखवतात, आणि आपण त्यांचं इन्सुलिन कधी धरलंच नाही." मग त्यांनी डोस बसवून दिला, एक भाग जेवताना, दुसरा दीड तासानं. किती ते विचारू नका, तो माझ्या मापाचा आहे, तुमचा तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडून. पुढच्या रविवारी तीच अंडी, तेच चीज, आणि चार वाजता एकशे अठरा. पट्टीनं आखल्यासारखी रेघ!

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई मध्येच थांबली. पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुला उगाचच..." पायऱ्या संपल्यावर म्हणाली, "दचक बाई. हवी तेवढी दचक." तुम्हाला सांगते, मला इतकं छान आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

आले मी इकडे. खोली लहान, पण माझी. भांडी पडतात, मी दचकते, कोणी विचारत नाही. डब्यात चीज असलं की दुसऱ्या डोससाठी मोबाईलवर दीड तासाचा गजर लावते. आणि मग होतं काय, काचेपलीकडे कोणीतरी आजोबा बसलेले असतात, मी जिवाचा कान करून त्यांच्या कानात अगदी बारीक टूं सोडत असते, आणि नेमका तेव्हाच माझ्या खिशात गजर... मी टुणकन उडते, मला बघून आजोबा दचकतात, आणि ऐकू आलं म्हणून दोन्ही हात वर करतात! शुगर तेवढी जागची हलत नाही. पण आजोबांचे कान मात्र मला पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागतात.